उंदराची मिरवणूक आणि इंदूरची बिऱ्हाडे

गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदरापुढे आपण मोदकाचा तुकडा ठेवतो. पण शंभर वर्षांपूर्वी याच इंदुरात घरात उंदीर मरून पडला की माणसे बिऱ्हाड उचलून गावाबाहेर झोपडीत राहायला जात. प्लेगच्या त्या दिवसांच्या गोष्टी आमच्या पिढीने आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत. त्या काळात आपल्या शहरात आलेल्या एका पाहुण्याची आठवण यंदाच्या स्मरणिकेत करावी, असे आम्हांला वाटले. पाहुण्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

प्लेग प्रथम १८९६ मध्ये मुंबईत पसरला. त्यावर उपाय म्हणून १८९८ मध्ये तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या आणि रुंद रस्ते काढले. हवा-उजेड आला हे खरे. पण जितक्या खोल्या पाडल्या तितक्या गरिबांसाठी बांधल्या गेल्या नाहीत. उठवलेला भाडेकरू कामाची जागा सोडून लांब जाऊ शकत नव्हता. तो शेजारच्या चाळीत शिरला. तिथली गर्दी वाढली आणि भाडेही वाढले. घर पाडल्याने रोग हटत नाही, तो पलीकडच्या गल्लीत जातो, हा धडा त्यातून मिळाला.

गेडिस यांना हे आधीपासून ठाऊक होते. १८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिनबराच्या जुन्या, गरीब वस्तीतल्या इमारतीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून ती वस्ती सुधारू लागले. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १९१७ साल त्यांना फार वाईट गेले. थोरला मुलगा महायुद्धात पडला आणि काही आठवड्यांत ॲनाबाईही इथेच वारल्या. त्यानंतर तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारासाठी त्यांनी इंदूरच्या नगररचनेचे काम केले. १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यांची रीत साधी होती. नकाशा हातात घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडायचे आणि घर न् घर पाहायचे. पडके, ओसाड झालेले तेवढे काढायचे, त्या मोकळ्या जागेत झाड लावायचे, विहीर-देऊळ राखायचे आणि बाकीच्या घरांची डागडुजी करायची. शहाणा वैद्य गाठ तेवढी काढतो, हात कापत नाही, तसेच हे. यात खर्च कमी आणि बेघर होणारी माणसेही कमी.

लोकांची साथ मिळावी म्हणून त्यांनी दिवाळीत एक दिवस इंदूरचे ‘महाराज’ होऊन मिरवणूक काढली, अशी हकीकत सांगतात. जी वस्ती आपली घरे-अंगणे सर्वांत स्वच्छ करील, दुरुस्त करील, तिच्यातून मिरवणूक जाणार, अशी आधी दवंडी. मग काय, सारे शहर झाडूपोछ्याला लागले! मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, वाईट घरांचे राक्षस होते, लक्ष्मी होती. सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. शेवटी उंदीर जाळला आणि घरोघरी तुळशीची रोपे वाटली.

अनंत चतुर्दशीच्या रात्री मिल कामगारांच्या झांक्या पाहताना आम्हांला ही गोष्ट हमखास आठवते. त्या मिरवणुकीने कचरा बाहेर काढला, माणसे नाही. ज्यांना समाज कडेला ठेवत होता, त्यांना तिने मधोमध आणले.

म्हणूनच आपल्याला एक गोष्ट लपवता येत नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या आपल्या इंदुरात २०२१ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, बेघर वृद्धांना पालिकेच्या गाडीत भरून शहराबाहेर क्षिप्रेजवळ उतरवण्यात आले. तिथल्या गावकऱ्यांनी अडवले, तेव्हा त्यांना परत गाडीत बसवले. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले. अधिकारी निलंबित झाले. पण स्वच्छता म्हणजे नको असलेली माणसे नजरेआड करणे, ही समजूत एका निलंबनाने जात नाही.

मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे किमान एक बारमाही निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. आपल्याकडे रैन बसेरे आहेत. पण ते कुठे आहेत हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि रस्ता रुंद होताना मालकाला मोबदला किती याची चर्चा रंगते, त्याच घरातला तीस वर्षांचा भाडेकरू कुठे गेला, हे कोण विचारते?

आपण विचारले पाहिजे. आज आपले बंगले आहेत, फ्लॅट आहेत. पण आपल्यातल्या कितीतरी घराण्यांची इंदुरातली सुरुवात कुणाच्या तरी वाड्यातल्या दोन खोल्यांतच झाली. कोणीतरी आपल्याला जागा दिली, म्हणून आज आपण इथे आरती म्हणतो आहोत.

यंदा झांक्या पाहून परतताना कुणी म्हातारा फूटपाथवर झोपलेला दिसला, तर दोन मिनिटे थांबू या. जवळचा रैन बसेरा आधीच माहीत करून ठेवू या, आणि त्याची तयारी असेल तर तिथवर सोबत जाऊ या. बाप्पाला ही सेवा नक्की पोचेल.

गणपती बाप्पा मोरया!