नेमजुळणी, जुन्या लष्करी रायफलीची

रायफलीच्या नळीचा अक्ष आणि नेमबाजाची दृष्टिरेषा यांचा विशिष्ट अंतरावर मेळ घालण्याच्या क्रियेस नेमजुळणी म्हणतात. नळीच्या तोंडाजवळील उभ्या पात्यास मराठीत ‘माशी’ हे जुने नाव आहे. मागील पट्टीच्या खाचेतून माशीचे टोक लक्ष्यावर धरले, म्हणजे शिस्त धरली असे म्हणतात. शिस्त बिनचूक असूनही गोळ्या एकाच बाजूस पडू लागल्यास दोष माणसाचा की शस्त्राचा, हा प्रश्न उद्‌भवतो. नागपूर व कामठी परिसरातील लष्करी इतिहासाशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे.

सीताबर्डीच्या लढाईत (२६–२७ नोव्हेंबर १८१७) नेमजुळणीला फारसा अर्थ नव्हता. भोसल्यांच्या सैन्यातील अरबांकडे तोड्याच्या बंदुका होत्या, तर कंपनीच्या शिपायांजवळ गुळगुळीत नळीच्या चकमकीच्या बंदुका होत्या. या दुसऱ्या प्रकारात संगीन अडकविण्यासाठी ठेवलेला नळीवरील उंचवटाच माशीचे काम देई. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरणे हा बव्हंशी नशिबाचा भाग होता.

१८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीने ही स्थिती पालटली. तिच्या नळीत आटे होते व मागे अंतराप्रमाणे वरखाली करता येणारी शिडीवजा पट्टी होती. तिच्या काडतुसांवरून झालेला प्रक्षोभ सर्वज्ञात आहे. पण नेमपट्टीसंबंधीची पुढील हकिकत क्वचितच सांगितली जाते. नागपूरजवळील टाकळी येथील अनियमित घोडदळाचा १३ जून १८५७ रोजीचा उठावाचा बेत फसला आणि कामठी छावणीतील (स्थापना १८२१) मद्रासी पलटणी कंपनीच्या बाजूने राहिल्या. तरीही १८५७ नंतर एतद्देशीय शिपायांसाठी जो १८५८ चा नमुना काढण्यात आला, तो बाहेरून एनफील्डसारखा असला, तरी त्याची नळी गुळगुळीत होती आणि शिडीच्या जागी केवळ एक पक्की खाच होती. दूरवर अचूक मारा करण्याची क्षमता शिपायाच्या हाती द्यावयाची नाही, हे धोरण यात उघड दिसते. पुढेही शस्त्रांची नवी पिढी प्रथम गोऱ्या पलटणींना आणि मागाहून हिंदी पलटणींना, असाच क्रम दीर्घकाळ राहिला.

विसाव्या शतकात ०·३०३ इंच (७·७ मिमी.) व्यासाची ली-एनफील्ड रायफल सर्वत्र रूढ झाली. तिचा तिसरा नमुना १९०७ मध्ये स्वीकृत झाला व बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तो अनेक दशके तयार होत होता. तिचे वजन सु. ४ किग्रॅ. व नळीची लांबी ६४ सेंमी. आहे. मागील पट्टीवर २०० ते २,००० यार्डांपर्यंतच्या खुणा आहेत. पट्टी डावीउजवीकडे सरकविण्याचा स्क्रू पहिल्या महायुद्धात १९१५-१६ च्या सुमारास उत्पादन वाढविण्यासाठी गाळण्यात आला. त्यामुळे आडवी दुरुस्ती माशी सरकवूनच करावी लागते; म्हणजे ती सैनिकाच्या हातून निघून शस्त्रकाराच्या हाती गेली.

माशी व खाच यांतील अंतर सु. ४९ सेंमी. असल्याने माशी १ मिमी. सरकल्यास १०० मी. अंतरावर गोळी सु. २० सेंमी. ढळते. गोळ्या उजवीकडे पडत असतील, तर माशी उजवीकडेच सरकवावयाची. खाली पडत असतील, तर कमी उंचीची माशी बसवावयाची. नवशिक्यास हे उलटे वाटते. माश्या ०·०१५ इंचाच्या फरकाने निरनिराळ्या उंचीच्या मिळत आणि अशा एका पायरीने १०० मी.वर सु. ८ सेंमी. फरक पडतो. माशी हातोडीने न ठोकता खास शिकंज्याने सरकवितात व जागा ठरल्यावर टोचा मारून पक्की करतात.

परंतु माशीला हात लावण्याची घाई हीच बहुधा मूळ चूक असते. अनुभवी शस्त्रकार प्रथम पाच गोळ्यांचा गट पाहतो. गट घट्ट पण एकीकडे असेल, तरच दोष नेमजुळणीचा असतो. गट विखुरलेला असल्यास सैल स्क्रू, झिजलेले आटे, नळीच्या तोंडाची झिजलेली कड किंवा लाकूड यांकडे पाहावे लागते. या रायफलीची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात बसविलेली असते आणि पुढील भागातील दाब ठराविक असावा लागतो. नागपूरचा मे महिन्यातील ४५° से.च्याही वर जाणारा कोरडा उन्हाळा आणि त्यामागोमाग येणारा दमट पावसाळा यांत लाकूड आक्रसते, फुगते आणि हा दाब बदलतो. उन्हाळ्यात जुळविलेली रायफल श्रावणात चुकू लागली, तर प्रथम लाकडाचा संशय घ्यावा. तापलेल्या काडतुसातील दारूचा वेगही वाढतो. प्रखर उन्हात माशीची चकाकणारी कड डोळ्यास चकविते. तीवर काजळी धरणे हा जुना, सोपा व आजही सर्वोत्तम उपाय होय.

स्वातंत्र्यानंतर सैन्यात ७·६२ मिमी. रायफली आल्या, तरी अनेक राज्यांच्या पोलीस दलांत ०·३०३ रायफल टिकून राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी ती २०२० मध्ये निवृत्त केली. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हीच रायफल स्वयंचलित शस्त्रांसमोर उभी ठाकली. तिचा सावकाश मारा तेथे अपुरा पडलाच. आणि ज्या रायफलीतून वर्षानुवर्षे मोजकीच काडतुसे उडविली जातात, तिच्या माशीवर विसंबणे हाही जिवावरचा जुगार असतो.

खाजगी व्यक्तीस ही रायफल बाळगण्यास भारतात मनाई आहे, कारण तिचा व्यास निषिद्ध वर्गात मोडतो. त्यामुळेच शिकारीसाठी त्याच रचनेची ०·३१५ इंची रायफल ईशापूर येथे बनविण्यात आली. संग्रहालयांत आलेल्या जुन्या रायफलींच्या माश्या काही वेळा घासून किंवा सरळ करून ‘दुरुस्त’ केल्या जातात. असे करू नये. मध्यापासून किंचित ढळलेली माशी व तिच्या बुडाशी असलेली टोच्याची खूण ही त्या विशिष्ट रायफलीची नेमजुळणी कोणा शस्त्रकाराने प्रत्यक्ष गोळ्या झाडून ठरविल्याची नोंद असते, आणि बहुधा तशी अन्य लेखी नोंद उरलेली नसते.