अंगावरून पांढरे जाणे: प्रकार, कारणे आणि उपचार

अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते किंवा वास येतो, ही तक्रार कोणत्याही वयाच्या स्त्रीला होऊ शकते. बहुतेक वेळा त्यामागे योनीमार्गाचा साधा जंतुदोष असतो आणि योग्य औषधाने तो थोड्याच दिवसांत बरा होतो. अडचण असते ती संकोचाची. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, पण त्यासाठी आधी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. त्यामुळे हा त्रास तुम्हाला एकटीलाच आहे असे समजू नका.

नेहमीचा स्राव कोणता?

योनीमार्गात थोडा ओलावा असतोच. तेथील उपयोगी जंतू आम्लता टिकवतात आणि रोगजंतूंना वाढू देत नाहीत. दोन पाळ्यांच्या मध्यावर स्राव पारदर्शक आणि तार धरणारा होतो. गरोदरपणात तो वाढतो. खाज, आग किंवा दुर्गंधी नसेल तर हा आजार नाही. यामुळे अशक्तपणा येतो, हाडे झिजतात, हा समजही खरा नाही.

तीन नेहमीचे आजार

१. बुरशीचा संसर्ग: स्राव दह्यासारखा घट्ट असतो आणि खाज खूप सुटते. बाहेरची त्वचा लाल होते, लघवी लागली की झोंबते. वास सहसा नसतो. मधुमेह, गरोदरपण किंवा नुकतीच घेतलेली अँटिबायोटिक औषधे ही कारणे असू शकतात. वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्या.

२. जिवाणूंचे संतुलन बिघडणे: स्राव पातळ, राखाडी-पांढरा असतो. माशासारखा वास येतो आणि तो संबंधानंतर वाढतो. खाज कमी असते. आतून साबणाने धुण्याने हा त्रास वाढतो.

३. ट्रायकोमोनास: स्राव पिवळसर-हिरवा, कधी फेसाळ असतो. वास, खाज आणि जळजळ तिन्ही असू शकतात. हा लैंगिक संबंधातून पसरतो. म्हणून पती-पत्नी दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. एकट्या पत्नीने घेतले तर आजार परत येतो.

पाळी गेल्यानंतर कोरडेपणामुळेही आग होते. त्याचे उपचार वेगळे आहेत.

तपासणी आणि उपचार

या आजारांची औषधे वेगवेगळी आहेत. बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोलच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी देतात. बाकी दोन्हींसाठी मेट्रोनिडॅझोलसारखे औषध लागते. आत नीट पाहून आणि गरज पडल्यास स्रावाचा नमुना तपासून प्रकार ठरवता येतो. तपासणीला काही मिनिटेच लागतात. सोबत नात्यातली स्त्री किंवा नर्स असावी, असे तुम्ही सांगू शकता.

मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणून लावू नका. अशा काही ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. खाज तेवढ्यापुरती थांबते, पण बुरशी वाढत राहते. गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर ते आधी सांगा; फ्लुकोनॅझोलची गोळी गरोदरपणात टाळतात. बरे वाटले तरी औषधाचा कोर्स पूर्ण करा.

सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवता येते. जिल्हा रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे जोडीदाराचेही उपचार होतात.

'पिशवी काढून टाका' असे सांगितले तर

नुसत्या पांढऱ्या स्रावासाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते. संसर्ग योनीमार्गात असतो, म्हणून पिशवी काढली तरी तो पुन्हा होऊ शकतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात अनेक ऊसतोड महिलांची गर्भाशये कमी वयातच काढल्याचे उघड झाले आणि २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या पाथर्डी, जामखेड भागातूनही कुटुंबे तोडणीला जातात. कॅन्सरची भीती घालून कोणी घाई करत असेल तर रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी मात्र जरूर करून घ्या.

घरी घ्यायची काळजी

- बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आत साबण, डेटॉल किंवा तुरटी वापरू नका.
- शौचानंतर पुढून मागे धुवा.
- सुती, सैल आणि पूर्ण वाळलेले कपडे घाला.
- पाळीचे कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवा.
- उपचार चालू असताना संबंध टाळा.

ताबडतोब डॉक्टरांकडे जा

- ओटीपोटात दुखून ताप येत असेल
- संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल
- स्राव रक्तमिश्रित आणि दुर्गंधीयुक्त असेल
- जननेंद्रियावर फोड किंवा जखम असेल
- गरोदरपणात खाज, वास किंवा पाणी जात असेल
- लहान मुलीला असा त्रास असेल

घरातल्या पुरुषांना एक विनंती: पत्नीने ही तक्रार सांगितली तर तिच्यावर संशय घेऊ नका. बुरशीचा आणि जिवाणूंचा त्रास संबंध नसतानाही होऊ शकतो. तिच्यासोबत दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी सांगितले तर स्वतःही औषध घ्या.