ईसीएमचे दोषनिदान (जुन्या मोटारी)

इंजिनात पेट्रोल किती व केव्हा सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीतील बिघाड शोधण्याची रीत. या पेटीला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. गॅरेजमध्ये नुसते ‘कॉम्प्युटर’.

पार्श्वभूमी : २००० साली युरो-१ च्या तोडीचे प्रदूषण-निकष देशभर लागू झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी प्रणाली) आले. ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची प्रणाली) मात्र बीएस-४ निकषांसोबत २०१० पासून, तर त्याचा दुसरा टप्पा २०१३ पासून सक्तीचा झाला. त्यामुळे मधल्या दशकातील मोटारीला आजचा स्कॅनर लागेलच असे नाही. सुझुकी बनावटीच्या तेव्हाच्या काही गाड्यांत निदान-सॉकेटच्या ठराविक पिना तारेने जोडल्या की चेक-लाइट मिचकावून कोड देतो. त्यातला १२ म्हणजे दोषाची नोंद नाही.

तपासणी : पेटी बिघडली की गाडी धक्के खाते, गरम झाली की बंद पडते किंवा स्टार्टर फिरूनही चालू होत नाही. हीच लक्षणे मेन रिले, क्रँक सेन्सर वा पेट्रोल पंप गेल्यावरही दिसतात. म्हणून कॉम्प्युटरवर शेवटी यावे. चावी ऑन करून चेक-लाइट लागतो का ते आधी पाहावे. लागत नसेल तर बल्ब, फ्यूज, रिले तपासावे. मग अर्थ. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे ईसीएमच्या अर्थ-पिनेला लावून स्टार्टर मारावा. फरक ०.१ व्होल्टच्या आसपास हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढून, खालचा गंज व रंग पॉलिशपेपरने घासून तो पुन्हा आवळावा. ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्या एवढ्यावरच सुटतात.

सेन्सरांना ईसीएममधून ५ व्होल्ट जातात. ते मिळत नसतील तर सेन्सरची सॉकेटे एकेक करून काढावीत; ज्याचे काढताच व्होल्टेज परत येते, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट. सगळी काढूनही येत नसेल आणि वायरिंग धड असेल, तरच पेटी उघडावी. आत फुगलेले कपॅसिटर, हिरवट पडलेल्या पिना किंवा जळका वास सापडतो.

स्थानिक कारणे : जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात, बोरी बुद्रुकसारख्या कुकडीकाठच्या गावांत, उसाशेजारी उभ्या गाडीचे वायरिंग उंदीर कुरतडतात. टोमॅटोच्या क्रेटसाठी कॅरियर वेल्ड करताना बॅटरीची केबल न काढणे हे दुसरे कारण; त्याने पेटी जळू शकते. असेच नुकसान उलट्या जंप-स्टार्टनेही होते.

दुरुस्ती : दुसऱ्या गाडीतील जुनी पेटी बसवावी की आहे तीच दुरुस्त करावी, याबाबत मतभेद आहेत.

इमोबिलायझर असलेल्या गाडीत दुसरी पेटी चावीशी जुळवल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. शॉर्ट झालेली कॉइल तशीच ठेवून बसवलेली नवी पेटीही जळते.