मीनाकारीतले शाही चेहरे आणि पुसलेली खुंजा हुमायूँ

भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, त्यामुळे सानगडीच्या वाचकांना भट्टी म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. पण भट्टीत माणसाचा चेहराही भाजला जायचा, हे कमी जणांना ठाऊक असेल. मीना म्हणजे धातूंची भस्मे मिसळून रंगवलेल्या काचेची पूड. सोन्याच्या लहानशा पत्र्यावर पांढऱ्या मीन्याचा थर देऊन भाजायचा, त्यावर बारीक कुंचल्याने चेहरा काढायचा आणि रंग चढेल तसे पुन्हा पुन्हा भाजायचे. एखादी भट्टी जास्त तापली की सगळी मेहनत वाया. पण एकदा जमले की रंग काचेत मुरतो, पाण्याने वा बोटाने पुसता येत नाही.

युरोपात या कामात जिनिव्हाच्या झां पेतितो (१६०७–१६९१) याचे नाव मोठे. इंग्लंडचा पहिला चार्ल्स आणि फ्रान्सचा चौदावा लुई हे त्याचे आश्रयदाते. मात्र तो प्रोटेस्टंट होता. १६८५ साली फ्रान्समध्ये त्याच्या पंथाचे हक्क काढून घेतले गेले, तेव्हा त्या म्हाताऱ्याला तुरुंगात टाकण्यात आले. राजाचा चेहरा रंगवूनही धर्माच्या प्रश्नात सुटका नाही!

आपल्या दख्खनमध्ये दरबारी चेहरे बहुतेक कागदावर रंगले. अहमदनगरच्या हुसैन निजामशाहाच्या (कारकीर्द १५५३–१५६५) स्तुतीत आफताबी या कवीने ‘तारीफ-ए-हुसैनशाही’ हे फारसी काव्य लिहिले. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, आणि दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ती मोडते. या चित्रांत सुलतानाशेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूँ बसलेली होती. होती म्हणायचे कारण असे, की बहुतेक ठिकाणी तिच्यावर नंतर रंग फासलेला दिसतो.

सुलतान तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांत, १५६५ मध्येच वारला. मुलगा मुर्तुजा लहान, म्हणून कारभार बेगमेने हाती घेतला. १५६९ मध्ये तिला कैद करण्यात आले. त्यानंतरच हे चेहरे पुसले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. आम्हालाही ते पटते. सत्ता गेलेल्या बाईचा चेहरा दरबारी पोथीत कोणाला सोयीचा? सोन्यावर भाजलेला मीना असता, तर इतक्या सहज पुसता आला नसता.

याच बेगमेची लेक चांदबीबी. १५९५–९६ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवणारी. घोड्यावर, हातावर बाज घेतलेली तिची चित्रे पुढे कितीतरी वर्षे रंगवली जात राहिली.