सातवा अलार्म तळघरात

मे २०२१
फिलाडेल्फियातला फेअरमाउंट भाग. तीन मजली, दोन बिऱ्हाडांचं घर. मालक कोणी शेठ नव्हे, तर शहराचं गृहनिर्माण प्राधिकरण. तपासणी झाली. स्मोक अलार्म सगळे चालू, असा प्राधिकरणाचा दाखला. पुढची तपासणी वर्षाने.

बुधवार, ५ जानेवारी २०२२, सकाळी साडेसहाच्या सुमारास
नाताळ उलटून अकरा दिवस झालेत, झाड अजून घरातच आहे. मधल्या मजल्यावर पाच वर्षांचा एक मुलगा एकटा, हाताशी लायटर. वरच्या बिऱ्हाडातले बाकीचे सगळे त्याच्याही वरच्या मजल्यावर. वाळलेलं नाताळचं झाड पेटलं तर खोली ज्वाळांनी भरायला मिनिटभर पुरतं. झोपेतल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येतेच असं नाही, म्हणून तर अलार्म असतो.

६:४० च्या सुमारास
बंब दारात. मधल्या मजल्यावर आगीचा लोळ. तळघरात एक अलार्म वाजतो आहे.

साडेसात
आग आटोक्यात यायला जवळपास ५० मिनिटं लागली. मृतांचा आकडा आधी तेरा सांगितला गेला, मग बारा. तीन बहिणी आणि त्यांची नऊ मुलं.

रविवार, ९ जानेवारी, अकराला थोडा अवकाश
चारच दिवस झालेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला एकोणीस मजली टॉवर, १९७२ सालचा. खालच्या एका घरात, निजायच्या खोलीत, बराच काळ चालू ठेवलेला विजेचा हीटर पेट घेतो. घरातली माणसं जीव घेऊन पळतात. मागे दार आपोआप मिटायला हवं. तशी दारं बसवणं आणि चालू ठेवणं हे न्यूयॉर्कमध्ये मालकाचं काम. हे दार मिटत नाही.

१०:५४
अग्निशमन दलाला वर्दी. तीन मिनिटांत जवान पोचतात. ज्वाळा ते घर आणि बाहेरचा बोळ यांच्यापुढे जातच नाहीत. जातो तो धूर, उघड्या दारातून जिन्यात आणि जिन्यातून थेट वर. पंधराव्या मजल्यावरचं जिन्याचं दारही उघडंच.

आणि अलार्म? ते वाजत होते. नंतर रहिवाशांनी सांगितलं की ते नेहमीच वाजायचे, कारण असो नसो, म्हणून आधी कोणी मनावरच घेतलं नाही. रोज मरे त्याला कोण रडे. सतरा माणसं गेली, त्यांत आठ मुलं. मारलं धुराने.

महापौरांनी लोकांना बजावलं, बाहेर पडताना दार ओढून घ्या. सल्ला खोटा नाही, पण मिटेनाशा दाराचा जाब भाडेकरूला विचारणं मला तरी पटलं नाही.

मंगळवार, ११ जानेवारी
पुन्हा फिलाडेल्फिया. अग्निशमन आयुक्त अ‍ॅडम थील वरच्या बिऱ्हाडातल्या अलार्मचा हिशेब देतात. चार खणांत सापडले. एक जमिनीवर, बॅटरी काढलेला. एक छताला, बॅटरी काढलेला. सातवा तळघरातला, तो वाजला, पण तिथून वरच्यांना वेळेत जागं करणं त्याच्या हातात नव्हतं.

‘भाडेकरूंनीच काढले ना?’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण अमेरिकेत भाड्याच्या घरात राहिलेल्या मराठी माणसाने जरा दमाने घ्यावं. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची करपली की छतावरची ती पांढरी चकती केकाटते. एकजण टॉवेलने वारा घालतो, दुसरा खिडकी उघडतो, तिसरा खुर्चीवर चढून बॅटरी काढतो. जेवण झाल्यावर लावू म्हणतो. चकती खणात जाते, चमच्यांशेजारी, आणि तिथेच राहते.

न्यूयॉर्कचा नियम सांगतो की अलार्म मालकाने बसवायचा, भाडेकरूने सांभाळायचा आणि नगामागे २५ डॉलरपर्यंत मालकाला द्यायचे. कागदावर वाटणी चोख आहे. पण चुलीजवळ बसवलेला अलार्म रोज उगाच ओरडत असेल, तर तो कोणी हलवायचा? भाडेकरूला छताला भोक पाडायची मुभा नसते आणि मालक त्या स्वयंपाकघरात जेवत नसतो. मालकाची तपासणी वर्षातून एकदा, फोडणी दिवसातून दोनदा.

२९ डिसेंबर २०२२
या दोन आगींनंतर आलेला कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीने मंजूर होतो. सरकारी आणि सरकारी मदतीवरच्या घरांत अलार्म एक तर थेट विजेच्या तारेला जोडलेला हवा, नाहीतर दहा वर्षं चालणारी बॅटरी आत बंदिस्त असलेला. त्याला गप्प करायची सोयही हवी, म्हणजे फोडणीपायी खुर्चीवर चढायला नको. मुदत दोन वर्षांची.

कायदा चांगला आहे, पण तो फिलाडेल्फियाच्या दुखण्याला लागू पडतो. ब्राँक्समधले अलार्म वाजतच होते.