डब्यावरची अक्षरं आणि डब्यातले दात



गेल्या आठवड्यात आमच्या भावकीतला एक पोरगा फोनमध्ये फोटो घेऊन आला. "काका, जुन्या जीपचा गिअरबॉक्स मिळतोय. रिबिल्ट केलेला आहे, टी-९० आहे म्हणतोय. घेऊ का?" फोटोत डबा चकाचक काळा. रंग इतका जाड की त्याच्याखाली अक्षरं आहेत का नाहीत तेच दिसेना. मी म्हटलं, "थांब. आधी हा डबा कुठून निघाला ते ऐक, मग बघायला जा."

ही गोष्ट सुरू होते १९४० साली. अमेरिकेच्या लष्कराला एक छोटी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिली बनवून दाखवली, नंतर विलीज आणि फोर्ड या दोघांनी ती लाखांनी बनवली. युद्ध संपेपर्यंत ६ लाखांवर जीपा झाल्या. त्यात बसवलेला गिअरबॉक्स वॉर्नर कंपनीचा टी-८४. तीन गिअर पुढचे, एक मागचा. रस्त्यावर, चिखलात पळायला ठीक. पण दिवसभर जड ओढायला जरा नाजूक.

युद्ध संपत आलं तसा विलीजवाल्यांना प्रश्न पडला, आता जीप विकायची कुणाला? त्यांनी गिऱ्हाईक शोधलं ते शेतकरी. १९४४-४५ मध्ये शेतासाठी नमुन्याच्या जीपा केल्या. नांगर ओढायचा, पट्ट्यावर मशीन चालवायचं, ट्रेलर खेचायचा, अशी कामं डोळ्यासमोर ठेवून त्यात टी-८४ काढून जास्त दणकट टी-९० घातला. ट्रान्सफर केसचा लो गिअरही बदलला. लष्करी जीपला १.९७ होता, तो २.४३ केला, म्हणजे चाक हळू फिरेल पण ताकदीने ओढेल. १९४५ पासून सीजे-२ए नावाने ही जीप बाजारात आली. म्हणजे टी-९० हा मुळात शेतकऱ्याच्या गरजेतून जीपमध्ये आलेला डबा आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो वर्षानुवर्षं वापरला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे १९४०च्या दशकाच्या शेवटाला मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी आली, उंच बोनेटवाली, सगळ्यांच्या ओळखीची. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली, पण आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली. तिच्यातही तीन गिअरचा टी-९०. नंतर डिझेल इंजिनं आली, पुढच्या काळात चार गिअरचे डबेही आले. शिवाय गावोगावच्या गॅरेजात पेट्रोल इंजिन काढून मॅटॅडोरचं, नाहीतर ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन बसवायचा सपाटा लागला. डबा पेट्रोलच्या काळातला, इंजिन डिझेलचं. त्याच्यावर मूळ हिशेबापेक्षा जास्त ताण आला, दात गेले, आणि रिबिल्ट डब्यांचा धंदा उभा राहिला.

आता माझं सांगतो. १९९९ ची गोष्ट. माझ्याकडे सरकारी लिलावातून फिरत फिरत आलेली सीजे-३बी होती. आमचं जुन्नर तालुक्यातलं वरचं रान उताराचं, दगडगोट्याची वाट. तिथून टोमॅटोच्या पेट्या खाली आणायच्या आणि नारायणगावला न्यायच्या. ऐन तोड्यात गिअरबॉक्स बसला. मी एका शहरातल्या जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने डबा पुढे सरकवला, "नवीन बेरिंग, नवीन रिंगा, सगळं ओके." मी बोटाने घासून बघितलं, डब्यावर टी-९० ही अक्षरं होती. खरीच होती. घेतला.

अकराव्या दिवशी पेट्या भरून उतरताना दुसरा गिअर आपोआप उडाला. गाडी मोकळी सुटली. मी पहिला टाकायला गेलो तर नुसता कर्रर्र आवाज, पडेचना. ब्रेक जुने. शेवटी गाडी बांधावर घातली. पेट्यांवर बसलेला धाकटा भाऊ खाली पडला, त्याचा हात मोडला. टोमॅटो गेले त्याचं काही नाही, पण तो हात आजही थंडीत दुखतो आणि दरवेळी मला तो डबा आठवतो.

आमच्या मिस्त्रीकाकांनी झाकण उघडून दाखवलं. अक्षरं खरी, डबा खरा. रिंगा पण खरंच नव्या. पण दुसऱ्या गिअरचा ज्या कोनावर रिंग बसते तो कोनच झिजलेला, आणि त्याचे छोटे अडकायचे दात टोकाला निमुळते झालेले. निमुळता दात उतारावर इंजिन ओढून धरायला लागलं की घसरतो आणि गिअर सुटतो. आणि पहिला का पडला नाही? टी-८४ असो की टी-९०, पहिल्या गिअरला सिंक्रो रिंग नसतेच. गाडी थांबवून टाकायचा, किंवा डबल क्लच मारायचा. १९४०च्या त्या बनावटीत ते तसंच होतं, आणि मला ते उतारावर कळलं.

तेव्हापासून मी डबा असा बघतो.

एक. अक्षरं शोधा, रंग असेल तर खरवडा. खरवडू देत नसेल तर घेऊ नका. पण अक्षरांवरून फक्त जात कळते, तब्येत कळत नाही.

दोन. फेरे मोजा. सुटा डबा असेल तर पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूची खूण करा. पहिल्या गिअरात टाका. मागचा शाफ्ट ५ फेरे होईपर्यंत पुढचा हाताने फिरवा. टी-९० असेल तर पुढचे १४ फेरे होतात. टी-८४ असेल तर १३ आणि वर एक तृतीयांश. खात्रीला रिव्हर्समध्ये बघा: टी-९० ला १९, टी-८४ ला १८ च्या आत.

तीन. झाकण उघडायला लावा. पहिल्या-रिव्हर्सच्या गिअरच्या दातांची टोकं उडालेली आहेत का बघा. रिंग कोनावर दाबा. रिंग आणि गिअरचे दात यांच्यात फट राहिली पाहिजे. रिंग जाऊन टेकली तर कोन गेला, रिंग नवी असली तरी.

चार. खालच्या जोडगिअरला पुढे-मागे हलवा. खडखड लागली तर वॉशर झिजलेत.

पाच. आत ग्रीस किंवा भुसा मिसळलेलं घट्ट ऑइल असेल तर ते आवाज दाबायला घातलंय असं समजा.

सहा. दुकानदाराकडे काढलेली जुनी बेरिंगं मागा. ज्याने खरंच बदलली, तो ती दाखवतो.

बसवल्यावरही दोन गोष्टी सांभाळा. इंजिन-गिअरबॉक्सचे रबर फाटलेले असतील तर चांगला डबाही गिअर सोडतो. आणि डबा व ट्रान्सफर केस यांच्या मधल्या सीलमधून ऑइल इकडचं तिकडं जातं, म्हणून दोन्हीकडची पातळी बघत जा. ऑइल पितळी रिंगांना चालणारं, जीएल-४ घाला.

पोरगा खडू घेऊन गेला. संध्याकाळी फोन आला, "काका, तेरा आणि वर थोडं." म्हणजे टी-८४. युद्धातल्या जीपचा. एखादा जुनी लष्करी जीप मुळासारखी करणारा त्याला शोधतच असेल, त्याच्यासाठी तो सोनं आहे. पण आमच्या उतारावर डिझेल इंजिनामागे लावायला नाही. पोराने घेतला नाही. खडू मात्र आता जीपच्या खणातच ठेवलाय म्हणाला.