कोरडे उन्हाळे

जॅक्सन. अमेरिकेत, मिसिसिपीच्या राजधानीचं गाव. उन्हाळा तापला की आईबाप पोरं घेऊन नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर. तलाव पाच : चार गोऱ्यांचे, एक काळ्यांचा. 1962 ला कोर्टानं हा भेद बेकायदा ठरवला. पालिकेनं बागा, प्राणिसंग्रहालय सगळ्यांना खुलं केलं. तलावांना मात्र 1963 ला कुलूप. एकाच पाण्यात अंगाला अंग लागणार ना! महाडला आपण 1927 ला ओंजळ भरली, तर त्यांनी तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. मला ही शुद्धीच वाटते, फक्त कुलपाची. भाड्याचा एक तलाव मूळ मालकाकडं, वायएमसीएकडं गेला. तिथं गोरेच डुंबले. काळ्या पोरांचे आठ उन्हाळे गेल्यावर, 1971 ला सुप्रीम कोर्ट पाच विरुद्ध चार मतांनी म्हणालं, बंद दोघांनाही आहे, मग भेद कुठाय? निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तीचं आडनाव ब्लॅक. माणूस गोरा.